बोटीवरच्या आचाऱ्याची कढई

मित्रांनो, मी एक जुनी बिडाची कढई आहे. बाईला वय विचारू नये आणि कढईला वजन विचारू नये, म्हणून ते मी सांगणार नाही. एवढंच सांगते, की मला उचलायचं तर माझे दोन्ही कान धरावे लागतात आणि उचलणाऱ्याच्या तोंडून 'अगं आई गं' आल्याशिवाय मी जागची हलत नाही. पोट खोल, बूड जाड, रंग काळाकुट्ट. हा काळेपणा मी जन्माला येताना घेऊन आले नाही. तो चरबीचा आणि विस्तवाचा थर आहे, वर्षानुवर्षांचा. मला तो दागिन्यांहून प्यारा आहे.

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यात झाला. ओल्या वाळूत साचा दाबला, भट्टीतलं लालभडक बीड त्यात ओतलं, आणि मी निवेपर्यंत ओतारीमामा बाजूला बसून आपला डबा खात होते. साच्यातून काढल्यावर त्यांनी मला हातोडीने हलकेच ठोकलं. तडा गेलेलं बीड बद्द वाजतं. मी ठणठणीत वाजले. "पोरगी खणखणीत आहे," मामा म्हणाले. त्या दिवशी त्यांच्या हाताखालून पन्नास कढया गेल्या असतील आणि ते सगळ्यांनाच तसं म्हणाले असतील. असेनात का! माझं जगातलं पहिलं कौतुक ते, मी कशाला विसरू?

तिथून माझी रवानगी झाली एका मालवाहू बोटीच्या भटारखान्यात. तिथला आचारी तेव्हा नवाच होता. इतका हडकुळा, की खलाशी त्याला चिडवायचे, "काय रे, स्वतःच्या हातचं तू खात नाहीस वाटतं?" या माणसाशी माझी जन्माची गाठ पडली. त्याचं नाव सांगत बसत नाही. आचारी म्हटलं की तोच समजा.

बोटीवरचा स्वयंपाक म्हणजे काय असतो हे जमिनीवरच्या भांड्यांना सांगूनही कळायचं नाही. शेगडीला चारी बाजूंनी लोखंडी कठडा. त्या कठड्यात मला अडकवायचं. अर्ध्याच्या वर कधी भरायचं नाही. आणि झाकण ठेवलं की एका कानातून दुसऱ्या कानात दोर ओवून ते करकचून बांधायचं. बोट कलली की सगळी भांडी एकदम कलायची. एकदा दोर बांधायचा राहिला आणि माझ्या पोटातला अख्खा रस्सा कप्तानाच्या पांढऱ्या बुटांवर गेला. त्यानंतर आचारी दोर विसरला नाही.

त्याच बोटीवर मेक्सिकोचा एक आचारी होता. पोट माझ्याहून मोठं, म्हणून सगळे त्याला जाडोबा म्हणायचे. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. पण जाडोबाने माझ्याकडे बोट दाखवलं, डोळे मिटले आणि बोटांची चिमूट ओठांना लावली. आमच्या आचाऱ्याला सगळं समजलं. त्या आठवड्यात जाडोबाने त्याला आपल्या आईच्या हातचा पदार्थ शिकवला. डुकराच्या खांद्याचं मांस, मंद आचेवर शिजवून तंतू तंतू सोडवलेलं.

कसं करायचं ते सांगते. मांसाचे मुठीएवढे तुकडे घ्यायचे, चरबी काढून टाकायची नाही. मीठ चोळायचं. मग ठेचलेला लसूण, कांद्याच्या मोठ्या फोडी, जिरं, तमालपत्र, दोन सुक्या मिरच्या, संत्र्याचा रस आणि सालीचे दोन तुकडे. तुकडे जेमतेम बुडतील इतकं पाणी. झाकण लावून बारीक आचेवर तीन तास. मांस मऊ झालं की झाकण काढायचं, मग पाणी आटतं आणि खाली नुसती चरबी उरते. त्या चरबीत ते मांस आपलं आपण तळलं जातं. शेवटी दोन काटे घ्यायचे आणि ओढायचं. तुकडा विरघळल्यासारखा सुटतो. कडा कुरकुरीत, आत लोण्यासारखं मऊ. मक्याच्या छोट्या रोट्यांत घालून, वर कच्चा कांदा आणि लिंबू.

झाकण नेमकं कधी काढायचं, हीच त्यातली मेख. घड्याळ लावलेलं जाडोबाला आवडायचं नाही. तो नाकावर बोट ठेवायचा. वास बदलला, की दोर सोडायचा. आमच्या आचाऱ्याचं नाक असं तरबेज झालं, की वरच्या डेकवर उभं राहून तो सांगायचा, "चला, कढई बोलावतेय."

मी बोटीवर सोळा वर्षं काढली. मग बोट म्हातारी झाली, तिला तोडायला काढलं. सगळ्यांनी आठवण म्हणून काही ना काही उचललं. कोणी घंटा घेतली, कोणी होकायंत्र. आमच्या आचाऱ्याने मला घेतलं. खांद्यावर पोत्यात घालून तो मला तीन जिने चढवून घरी घेऊन आला, तेव्हा दारातच त्याची बायको उभी होती. ती घरी शिवणकाम करायची. गळ्यात मोजपट्टी, तोंडात टाचणी.

टाचणी काढून ती म्हणाली, "सोळा वर्षं हिच्याबरोबर राहिलात, आता घरात पण आणलीत? माझी सवतच झाली की ही!"

तेव्हापासून त्या घरात माझं नाव पडलं सवत. "सवतीला खाली उतरवा हो." "सवत तापली का?" पण मित्रांनो, मला जे लाड मिळाले ते खऱ्या सवतीला सात जन्मात मिळत नाहीत. आचाऱ्याच्या बायकोला मी वहिनी म्हणते. वहिनी मला कधी साबण लावू देत नसे. कोमट पाणी, मऊ घासणी, मग फडक्याने कोरडं आणि तेलाचं एक बोट. आणि त्यांची एक मुलगी होती. अंगाने लहान म्हणून तिला बारकी म्हणायचे. पुढे ती दाराच्या चौकटीला डोकं लागेल इतकी वाढली, तरी बारकीच राहिली.

आचारी अधूनमधून दुसऱ्या बोटींवर जायचा आणि परत यायचा. घरी असला की रविवार माझा. सवय अशी, की जमिनीवरसुद्धा तो मला अर्धीच भरायचा आणि झाकण दोराने बांधायचा. वहिनी म्हणायची, "अहो, घर डोलतंय का?" तो म्हणायचा, "सांगता येत नाही बाई, जपलेलं बरं." वास सुटला की खालच्या मजल्यावरचे पोस्टमनकाका चपला शोधायला लागायचे. बारकी तोवर खाली खेळत असायची. ती वर यायची ती थेट ताटावर. आचारी विचारायचा, "कसं झालंय?" आणि दोघी एका सुरात म्हणायच्या, "छान!"

असे दिवस पुष्कळ गेले. आजही आठवले की माझं बूड गरम होतं.

मग आचारी एका फेरीवरून ताप घेऊन आला. ताप तीन आठवड्यांनी उतरला, पण जाताना त्याच्या नाकाचा वास आणि जिभेची चव घेऊन गेला. डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या दिल्या, म्हणाले, "परत येईल, कदाचित येणारही नाही." चव न कळणाऱ्या आचाऱ्याला कोणती बोट घेणार? तो घरी राहिला. पण हिंमत सोडली नव्हती. "हातांना सगळं पाठ आहे," म्हणाला आणि रविवारी मला शेगडीवर चढवलं.

मी सांगते तुम्हाला, त्या दिवसासारखी असहाय मी कधीच नव्हते. तो दोर सोडायला वासाची वाट बघत बसला. झाकणाच्या फटीतून वाफ जाऊन जाऊन पाणी पार आटलं. वास त्याच्या नाकाशी येऊन परत जात होता. चरबी जळली, लसणाचा कोळसा झाला, मांस बुडाला धरलं. मला हात असते तर मीच झाकण फेकलं असतं. वहिनी कपडे द्यायला गेली होती आणि बारकी कामावर. ती तेव्हा लिफ्ट दुरुस्त करायचं शिकत होती. दोघी परत आल्या, जिन्यातच त्यांना सगळं कळलं. ताटं वाढली गेली. आचाऱ्याने दोघींच्या तोंडाकडे बघत विचारलं, "कसं झालंय?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आणि म्हणाल्या, "छान!"

त्याचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू! त्याने लगेच वाटीभर पोस्टमनकाकांना पाठवलं. दुसऱ्या दिवशी तो केर टाकायला खाली गेला, तर डब्यात सगळ्यात वर कालचं मांस पडलेलं. शेजारी मांजर बसलं होतं. ते हुंगत होतं आणि तोंड फिरवत होतं.

तो वर आला. वहिनी काज करत होती.

"खरं सांग, काल करपलं होतं?"

"थोडंसं."

"थोडंसं?"

वहिनीने सुई खाली ठेवली. "पार कोळसा झाला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

आचारी म्हणाला, "मला वास येत नाही, ते मी सोसलं असतं. पण आता तुम्ही छान म्हणालात तरी मला खरं वाटायचं नाही. मग मी कोणाच्या भरवशावर रांधू?"

त्यानंतर त्याने चहासुद्धा केला नाही. स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेला तरी शेगडीकडे पाठ करून उभा राहायचा. मला बाल्कनीत ठेवलं. आधी माझ्यात कपड्यांचे चिमटे टाकले. मग चिमट्यांना टोपली आली आणि माझ्यात पावसाचं पाणी साठू लागलं. मित्रांनो, बिडाला पाणी म्हणजे उंदराला मांजर. कमावलेला थर एकेका जागी सुटला आणि खालून तांबडा गंज वर आला. माझीच मला लाज वाटायची. एकदा भंगारवाला ओरडत चालला होता, तेव्हा आचारी आतून म्हणाला, "ती कढई देऊन टाक त्याला." वहिनी बाल्कनीत आली, माझ्याकडे बघितलं आणि ओरडून म्हणाली, "माझी सवत आहे, तिचं काय करायचं ते मी बघेन. तुम्ही मध्ये पडू नका!" असा कढ आला मला, काय सांगू. त्या बाईचे उपकार मी फेडू शकणार नाही.

दीड वर्ष असं गेलं. आचारी दिवसभर खिडकीत बसायचा. जेवताना ताटात काय आहे हेही बघायचा नाही. वहिनी एकदा बारकीला म्हणाली, "हे असेच बसून राहिले, तर मला काही यांचं खरं दिसत नाही गं." मी बाल्कनीतून ऐकलं आणि घाबरले.

बारकीची परीक्षा झाली, तिला एकटीने लिफ्ट दुरुस्त करायची परवानगी मिळाली. त्या रविवारी सकाळीच ती बाल्कनीत आली, माझे कान धरले आणि म्हणाली, "अगं आई गं!" दीड वर्षाने हे शब्द ऐकले मी. तिने जाडं मीठ टाकलं, अर्धा कापलेला बटाटा घेतला आणि मला असं घासलं, की गंज निघाला आणि तिच्या कोपरापर्यंत हात तांबडे झाले. मग विस्तवावर कोरडं करणं, तेल फासणं, तापवणं, निववणं, पुन्हा तेल. चार वेळा. माझ्या अंगावर पुन्हा काळी चकाकी आली. चांगल्या मिस्त्रीला यंत्राचं मन कळतं म्हणतात, ते खोटं नाही.

मग ती खाटकाकडून दोन किलो खांद्याचं मांस घेऊन आली. आचारी बाहेरच्या खोलीत बायकोच्या शिलाई मशीनला तेल घालत बसला होता. त्याने सगळं पाहिलं आणि पुन्हा मशीनवर वाकला. बारकीनेही विचारलं नाही. लहानपणापासून जेवढं पाहिलं होतं तेवढं तिने केलं. मला अर्धंच भरलं. झाकण ठेवलं. आणि वडलांसारखा दोर ओवून ते गच्च बांधलं. गच्च म्हणजे किती? लिफ्टच्या तारा आवळणारे हात ते! वाफेला जायला केसभरही फट राहिली नाही.

तीन तास झाले. वाफ झाकणाला लागायची, थेंब व्हायची आणि पुन्हा माझ्याच पोटात पडायची. पाणी आटणार कुठून? साडेतीन तास झाले. "अजून अर्धा तास," बारकी म्हणाली. चार तास झाले. बाहेर आचाऱ्याची चुळबूळ सुरू झाली. तेलाची बाटली उचलायचा, ठेवायचा. खुर्ची मागे सरकवायचा, पुढे घ्यायचा. बारकी विचारायला निघाली, तर वहिनीने तिचा हात धरला. "नको, चिडतील."

"पाणीच आहे अजून!" बाहेरून आवाज आला.

दोघी दचकल्या. आचारी दारात उभा होता.

"अगं, दोर सोड! चार तास झाकण बांधून काय ठेवलंयस? मांसाचा पार लगदा होईल."

"तुम्हीच बांधायचात, बाबा!"

"बांधायचो. पण वास बदलला की सोडायचो."

"मला काय माहीत? मी खाली खेळत असायचे. वर यायचे तेव्हा ताट तयार असायचं." मग ती थांबली. "पण आत पाणी आहे हे तुम्हाला कसं कळलं? तुम्हाला तर वास..."

"वास कुठला! ऐक की. कढई सांगतेय ना. रटरट आहे, म्हणजे पाणी आहे. पाणी संपत आलं की तडतडतं. मग चुरचुर, बारीक, एकसारखी. तेव्हा शेगडीसमोरून हलायचं नाही..."

आणि बोलता बोलता आचारी गप्प झाला. इतकी वर्षं तो समजत होता, की सगळं आपलं नाकच करतं. त्या करपलेल्या दिवशीही तो नाकाकडेच कान लावून बसला होता, माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्याने वाकून माझ्या झाकणाजवळ कान आणला. मी रटरटले हो, जिवाच्या आकांताने रटरटले.

त्याने स्वतःच्या हाताने दोर सोडला. झारा मागितला. आच वाढवली. कोणी काही बोललं नाही, ऐकायचं होतं ना! हळूहळू माझा आवाज बदलला. तडतड झाली. मग चुरचुर. "आता," तो म्हणाला आणि आच उतरवली. दोन काटे घेऊन त्याने तुकडे ओढले, ते सहज सुटले. चरबीत पुन्हा एकदा परतले. कडा तांबूस झाल्या, त्या त्याला डोळ्यांनी दिसत होत्या. मग त्याने काट्यावर थोडं मांस घेऊन बारकीसमोर धरलं.

"सांग. कसं झालंय?"

वहिनीच्या तोंडून सवयीने "छा..." निघालंच होतं. बारकीने तिच्याकडे असं बघितलं, की पुढचं अक्षर तिने गिळलं. बारकी सावकाश चावत राहिली. मला तर धडकीच भरली होती. आता जे ती बोलेल, त्यावर हा माणूस पुन्हा खिडकीत जाऊन बसणार की नाही, हे ठरणार होतं.

"जिरं जास्त झालंय," बारकी म्हणाली. "मीठ कमी आहे. आणि साल मी आतल्या पांढऱ्यासकट टाकली, त्यामुळे जरा कडवट लागतंय."

वहिनीने कपाळावर हात मारून घेतला.

"करपलंय का?" आचाऱ्याने विचारलं.

"अजिबात नाही. कडा तर मस्त कुरकुरीत आहेत."

त्याने मिठाची चिमूट टाकली. लिंबू पिळलं. हलवलं. पुन्हा काटा पुढे केला. "आता?"

"आता बरं आहे."

"बरं, की चांगलं?"

"बरं. चांगलं पुढच्या रविवारी. साल तुम्ही सोला."

आचारी हसला. दीड वर्षाने हसला, त्यामुळे आवाज थोडा गंजलेला होता. मग त्याने काटा बायकोसमोर धरला. "तू सांग. पण खरं."

वहिनीने खाल्लं. पदराने तोंड पुसलं. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "लसूण," ती म्हणाली. "मला ना, यात लसूण दुप्पट हवा असतो. पहिल्यापासून."

"पहिल्यापासून? अगं, वीस वर्षं झाली! बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या आशेने विचारायचात हो!"

तो इतका हसला, की त्याला भिंत धरावी लागली. डोळ्यांतून पाणी आलं ते हसण्याचं की कशाचं, मी सांगणार नाही. तिघं जेवायला बसले. आचाऱ्याला चव काही कळली नाही, ती अजूनही कळत नाही. पण तो दोघींच्या तोंडाकडे बघत खात होता आणि दोघी खाताना बोलत होत्या. हे मऊ आहे, हे चिवट आहे, हा तुकडा मला दे. दरवाजा वाजला. पोस्टमनकाका होते, दोन्ही पायांत वेगवेगळ्या चपला.

मित्रांनो, माझी सांगण्याची गोष्ट एवढीच. घरात बिडाची कढई असेल तर तिच्यात पाणी साठू देऊ नका, पुसून कोरडी करा, तेलाचं बोट लावा. एवढ्यावर ती तुमच्या नातवंडांनाही जेवू घालेल. आणि तुमच्यासाठी कोणी रांधत असेल, त्याने विचारलं तर खरं सांगा. प्रेमाने सांगा, पण खरं सांगा. मला घडवणारे, वापरणारे, गंजातून काढणारे हात लाभले. मी कोणावर रागावून नाही. बाल्कनीतल्या दीड वर्षावरही नाही.

त्या दिवशी जेवणं झाल्यावर आचाऱ्याने मला स्वतः धुतलं, कोरडं केलं, तेल लावलं. वहिनी म्हणाली, "द्या इकडे सवतीला, फळीवर ठेवते."

"राहू दे," आचारी म्हणाला, "उद्याही लागणार आहे."